गळ्याइतक्या पाण्यातला श्वास

जुन्या सिनेमांत एक प्रसंग हमखास असायचा. शत्रूचे शिपाई मागावर आहेत, नायक तळ्यात उडी घेतो, पोकळ वेळूचं नळकांडं तोंडात धरतो आणि पाण्याखाली निवांत बसून राहतो. वर दिसतं ते फक्त नळीचं टोक. महाभारतातल्या दुर्योधनाला डोहात लपताना निदान पाणी स्तंभित करण्याची विद्या तरी होती. सिनेमावाल्यांनी वेळूवरच भागवलं. प्रत्यक्षात छाती पाण्याखाली मीटरभर गेली, की नळीतून वरची हवा आत ओढायला श्वासाच्या स्नायूंना १०० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाशी झगडावं लागतं. धडधाकट तरुण माणूस जीव तोडून श्वास ओढतो तेव्हा त्याचा सगळा जोर साधारण तेवढाच भरतो. एखादा श्वास कसाबसा मिळेल. दुसऱ्याची खात्री नाही. व्हिएन्नाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉबर्ट श्टिग्लर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे प्रयोग स्वतःवर केले आणि हृदयावर नको तेवढा ताण ओढवून घेतला.

या प्रसंगात हवेची टंचाई कुठेच नाही. नळी मोकळी आहे, वर आभाळभर हवा आहे. अडतं ते दाबापाशी. तोंड नळीवाटे बाहेरच्या वातावरणाशी जोडलेलं आणि छाती पाण्याच्या भाराखाली, अशी ही फारकत आहे. श्वासाला आधार देणारं कुठलंही साधन घ्या, पाणबुड्याचा रेग्युलेटर असो, रुग्णाला मुखवट्यातून दाबाने हवा देणारं बायपॅप यंत्र असो की नवजात बाळाच्या नाकाशी लावलेली बुडबुड्यांची नळी. ते मुळात ही फारकत कमी-जास्त करत असतं. हातातलं पुस्तक या एका गोष्टीचा पाठपुरावा करतं. विषय ऐकायला अरुंद वाटतो, पण तो आरमारी गोदीपासून पोलिओच्या वॉर्डापर्यंत आणि अंतराळ प्रयोगशाळेपासून मालवणच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेला आहे.

दाबाची ही फारकत सहज सोसणारा एक प्राणी आहे, आणि त्याचा उल्लेख न करता पुढे जाणं मला जमणार नाही. हत्ती खोल पाण्यात पोहतो तेव्हा सोंड वर ठेवून श्वास घेतो. अॅरिस्टॉटलने हत्तीच्या सोंडेची तुलना पाणबुड्यांच्या श्वसननळीशी केली होती. हत्तीची छाती मात्र पाण्याखाली बरीच खोल असते. माणसाच्या फुप्फुसाभोवती दोन पातळ आवरणं असतात, त्यांच्यामध्ये द्रवाचा नावापुरता थर असतो. एवढा दाबफरक पडला तर आपल्या आवरणातल्या नाजूक केशवाहिन्या फुटतील. हत्तीत ही दोन आवरणं चिवट संयोजी ऊतीने एकमेकांना सांधलेली असतात, मधली पोकळीच उरलेली नसते. शरीररचनातज्ज्ञांना ही विचित्र रचना फार पूर्वीपासून ठाऊक होती. ती तशी का असावी याचं पटणारं उत्तर सॅन दिएगोचे जॉन वेस्ट यांनी २००१च्या सुमारास दिलं, आणि ते सोंडेने श्वास घेत पोहण्याशी जोडलं. गजेंद्रमोक्षाची गोष्ट ऐकताना पाण्यातून वर उगारलेली ती सोंड आपण सगळ्यांनी डोळ्यांपुढे आणलेली असते. तिच्यामागे फुप्फुसाचं एवढं शास्त्र असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आता माणसाकडे येऊ, तेही साध्या गळ्याइतक्या पाण्यात. पाण्यात दर सेंटिमीटर खोलीमागे दाब एक सेंटिमीटर पाण्याइतका वाढतो. उभ्या माणसाची छाती आणि पोट मिळून जो भार सोसतात, त्याची सरासरी साधारण २० सेंटिमीटर पाण्याइतकी भरते. आकडा किरकोळ वाटेल. पण घरोघरी घोरणाऱ्यांसाठी सतत दाबाची हवा देणारी जी सीपॅप यंत्रं आली आहेत, त्यांची नेहमीची कक्षा ४ ते २० सेंटिमीटर असते. म्हणजे गळ्याइतकं पाणी माणसावर जो भार टाकतं, तो घालवायला सीपॅपचा काटा शेवटच्या आकड्यापर्यंत न्यावा लागेल.

या भाराने काय होतं? पाणी पोट आत दाबतं, पोट श्वासपटलाला वर ढकलतं. शांतपणे श्वास सोडून झाल्यावर फुप्फुसात एरवी जी हवा शिल्लक राहते, ती जवळजवळ निम्म्यावर येते. त्यानंतर जोर लावून आणखी जी हवा बाहेर काढता येते, ती तर त्याहूनही जास्त घटते. गंमत अशी, की पूर्ण श्वास भरून पूर्ण सोडण्याची क्षमता, जिला डॉक्टर वाइटल कपॅसिटी म्हणतात, ती निरोगी माणसात फक्त ५ ते १० टक्क्यांनीच उतरते. त्यामुळे नुसती फुंकायची टेस्ट करणारा म्हणेल की फारसं काही बिघडलेलं नाही. बिघडलेलं असतं ते आत. छोटे श्वासमार्ग श्वास सोडता सोडता मिटू लागतात, श्वासाला लागणारे कष्ट सुमारे ६० टक्क्यांनी वाढतात आणि पायांकडचं, पोटाकडचं सुमारे ७०० मिलिलिटर रक्त छातीत येऊन साठतं. हा रक्ताचा आकडा १९७२च्या एका स्वीडिश अभ्यासातला आहे. त्याच अभ्यासात हृदय दर मिनिटाला जवळजवळ एक तृतीयांश जास्त रक्त फेकताना आढळलं. फुप्फुस दोन्हीकडून दाबलं जातं, बाहेरून पाण्याने आणि आतून रक्ताने.

फुप्फुस मोजण्याची विद्याच मुळात पाण्याच्या पिंपात जन्मली, हे इथे सांगायला हवं. १८४६ साली लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी दोन हजारांहून अधिक माणसांची श्वासक्षमता मोजून प्रसिद्ध केली. त्यांचं यंत्र म्हणजे पाण्यात उपडं घातलेलं एक भांडं. नळीतून फुंकलं की भांडं वर उचललं जाई आणि किती उचललं यावरून हवा मोजली जाई. वाइटल कपॅसिटी हे नावही त्यांचंच. आज रुग्णालयात छातीतली हवा किंवा पू काढायला लावलेल्या नळीचं टोक पाण्याखालीच बुडवलेलं असतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात बबल सीपॅप लावतात तेव्हा उच्छ्वासाच्या नळीचं टोक पाच सेंटिमीटर पाण्यात बुडवलं, की बाळाला पाच सेंटिमीटरचा दाब मिळतो; पट्टी बाटलीवरच चिकटवलेली असते. वायूचे दाब पाण्याच्या सेंटिमीटरांत मोजायची श्वसनवैद्यकाची सवय अजून सुटलेली नाही, आणि आपल्या विषयापुरती ती मोठीच सोय आहे. जो दाब पाणी टाकतं आणि जो दाब यंत्र देतं, ते दोन्ही एकाच मापात मिळतात. वजाबाकी तोंडी करता येते.

ही वजाबाकी पहिल्यांदा गांभीर्याने केली ती आरमारांनी. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांना बुडबुडे न सोडता, बंद पिशवीतली हवा पुन्हा पुन्हा शुद्ध करून श्वास घ्यावा लागे. ही पिशवी पाठीवर बांधायची की छातीवर, हा वरवर शिंप्याचा वाटणारा प्रश्न जीवनमरणाचा होता. पालथा पोहणाऱ्याच्या पाठीवर पिशवी असेल तर ती फुप्फुसांच्या वर राहते, तिच्यातली हवा कमी दाबाची असते आणि प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागतो. छातीवर असेल तर उलट. हवा आत रेटली जाते आणि बाहेर टाकताना दमछाक होते. ब्रिटिश नौदलासाठी केलेल्या प्रयोगांवरून पॅटन आणि सँड यांनी १९४७ साली मांडलं, की पाण्याखाली फुप्फुसांसाठी सोयीचा असा एक ठरावीक दाब असतो आणि तो शोधून काढता येतो. या पुस्तकाचा पाया मी त्या निबंधात पाहतो. शरीराला काय आरामाचं वाटतं आणि गणिताने काय बरोबर ठरतं, या दोन गोष्टी तंतोतंत जुळत नाहीत, हेही तिथपासून ध्यानात येऊ लागलं.

त्याआधी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी मागणीनुसार हवा देणारा रेग्युलेटर बनवला होता. पाणबुडा जिथे जाईल तिथल्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा तो देतो, म्हणून श्टिग्लरची अडचण उरत नाही. पूर्ण सुटते असं मात्र नाही. रेग्युलेटर दाब ओळखतो तो स्वतःच्या जागेचा, फुप्फुसांच्या जागेचा नव्हे. आज तो तोंडात असतो. पाणबुडा उभा राहिला की फुप्फुसं त्याच्या साधारण वीतभर खाली जातात आणि गळ्याइतक्या पाण्यातलाच तो दाबाचा तुटवडा ३० मीटरवरही जसाच्या तसा भेटतो. आडवा झाला की तो तुटवडा नाहीसा होतो. खाली डोकं वर पाय केले तर हवा उलट जास्त दाबाने येते. त्यात खोलीबरोबर हवा दाट होत जाते: ३० मीटरवर ती चौपट दाट असते आणि माणूस जास्तीत जास्त किती हवा आत-बाहेर करू शकतो ते प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. श्वासाच्या वायूची घनता लिटरमागे ५.२ ग्रॅमच्या आत ठेवावी आणि ६.२च्या पुढे कदापि जाऊ नये, ही अँथनी आणि मिचेल यांची २०१६ची शिफारस आता तांत्रिक पाणबुड्यांच्या शिक्षणात रुजली आहे. ती पाळली नाही तर प्राणवायू भरपूर असूनही कार्बन डायऑक्साइड शरीरात साठतो आणि माणूस भानावर राहत नाही.

दुसरं घराणं बफेलोचं. अमेरिकेतल्या या विद्यापीठात हर्मान रान यांच्याभोवती जमलेल्या मंडळींनी १९६०च्या दशकात विषयाला काटेकोर मोजमाप दिलं. सुक की हाँग यांनी कोरियाच्या समुद्रात दम धरून बुड्या मारणाऱ्या हेन्यो बायकांचा अभ्यास केला; जपानच्या आमा स्त्रियांवरही तेव्हाच काम सुरू होतं आणि १९६५ साली टोकियोत त्यावर परिषद भरली. नौदलांच्या गुप्त अहवालांत जे अडकून पडलं होतं, ते शिंपले आणि समुद्री शेवाळ काढणाऱ्या कष्टकरी बायकांमुळे विज्ञानाच्या उघड्या मैदानात आलं. मिलानचे अगोस्तोनी यांच्याबरोबर १९६६ मध्ये आणि पुढे १९६९ मध्ये या गटाने दाखवलं, की गळ्याइतक्या पाण्यात उभं राहणं आणि जमिनीवर यंत्रातून कमी दाबाची हवा ओढणं, या दोन गोष्टी श्वासयंत्रणेच्या दृष्टीने बऱ्याच सारख्या आहेत. वर ६० टक्के जादा कष्टांचा जो आकडा आला, तो यातलाच. पुढे क्लास लुंडग्रेन आणि एडवर्ड थॅलमन यांनी पाण्याखाली व्यायाम करणाऱ्यांना वेगवेगळे दाब देऊन पाहिले. थोडासा धन दाब, म्हणजे हवा आत रेटणारा दाब, धाप कमी करतो, त्यापुढे दिलेला दाब स्वतःच ओझं होतो, असं त्यातून दिसलं.

तिसरा प्रवाह अंतराळातून आला, तोही लघवीच्या वाटेने. पाण्यात उतरलं की थोड्या वेळाने लघवीला लागते, हे विहिरीत पोहणाऱ्या पोरांनाही माहीत असतं. कारण सांगायला गाउअर आणि हेन्री यांना यावं लागलं. छातीत रक्त साठलं की हृदयाला वाटतं शरीरात पाणी जास्त झालंय, आणि मूत्रपिंडांना तसा निरोप जातो. वजनरहित अवस्थेतही रक्त असंच वर सरकतं, म्हणून नासाच्या आश्रयाने माणसांना तासन्‌तास पाण्यात बसवून हे सारं तपासलं गेलं. आपल्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की तोंडाशी पाण्याच्या भाराएवढा धन दाब दिला, तर फुप्फुसं पुन्हा फुलतातच, शिवाय छातीत आलेलं रक्तही मागे हटतं. श्वासाचा आधार रक्ताभिसरणालाही हात घालतो. हे त्याचं बळ आहे आणि धोकाही तिथेच आहे. दाब गरजेपेक्षा जास्त झाला की हृदयाकडे परतणारं रक्त कमी पडतं, चक्कर येते, रक्तदाब घसरतो.

आता रुग्णशय्येकडे. पोलिओने छातीचे स्नायू लुळे पडलेल्यांसाठी १९२८ मध्ये ड्रिंकर आणि शॉ यांनी लोखंडी फुप्फुस आणलं. त्या पेटीत छातीबाहेरचा दाब कमी केला जाई, म्हणजे पाणी जे करतं त्याच्या नेमकं उलट. १९५२च्या साथीत कोपनहेगनला ब्यॉर्न इप्सेन यांनी श्वासनलिकेतून हवा आत दाबायचा मार्ग घेतला. वैद्यकीय विद्यार्थी आळीपाळीने रात्रंदिवस हाताने पिशव्या दाबत बसले. तिथून दाबाची दिशाच बदलली. १९७१ला नवजात बाळांसाठी सतत धन दाब वापरात आला, १९८१ला सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी तो झोपेत श्वास अडणाऱ्यांसाठी वापरला, आणि पुढे बायपॅप घराघरांत पोहोचलं. याच काळात पोलिओग्रस्तांना पाण्यात उतरवून व्यायाम देणारी वेगळी परंपराही वाढत होती. जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जचं केंद्र रूझवेल्ट यांच्यामुळे प्रसिद्ध झालं. लंडनमध्ये १९४९च्या सुमारास जेम्स मॅकमिलन यांनी अपंग मुलींना पोहायला शिकवताना हॅलिविक पद्धत घडवली. तिचा पहिला धडा म्हणजे पाण्यावर तोंड ठेवून सावकाश श्वास सोडणं. यंत्राची परंपरा आणि पाण्याची परंपरा एकाच रुग्णांभोवती वाढल्या, पण कित्येक वर्षं त्यांचं आपापसात बोलणं नव्हतं. यंत्रवाले पाण्याला भीत, पाणीवाले यंत्राला.

त्या दोघांना बोलायला लावणारे दोन रुग्णगट आहेत आणि पुस्तकाचा गाभा मला त्यांच्यात दिसतो. मान मोडून हातपाय लुळे पडलेला माणूस घ्या. इजा मानेच्या खालच्या भागात असेल तर त्याचं श्वासपटल चालू असतं, पोटाचे स्नायू मात्र गेलेले असतात. खुर्चीत बसवलं की पोट पुढे लोंबतं, श्वासपटल खाली ओढलं जाऊन चपटं होतं आणि आकुंचन पावायला त्याला वावच राहत नाही. म्हणून असे लोक उताणे झोपून अधिक चांगला श्वास घेतात आणि बसताना पोटाला पट्टा बांधतात. पाणी म्हणजे त्यांच्यासाठी पोटाचा पट्टाच. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २००५ आणि २०१० मध्ये मोजून दाखवलं, की पाण्यात उतरवल्यावर या रुग्णांची वाइटल कपॅसिटी वाढते. निरोगी माणसाची जिथे घटते तिथे यांची वाढते.

आणि ज्याचं श्वासपटलच लुळं पडलं आहे, त्याचं? त्याच्याकडे पाण्याला अडवणारं काही उरत नाही. श्वास घेताना ते पटल सैल शिडासारखं वर ओढलं जातं आणि छातीतली जागा खाऊन टाकतं. कमरेइतक्या पाण्यात ठीक असलेला माणूस छातीइतक्या पाण्यात जाताच घाबराघुबरा होतो. जर्मनीत २००४ मध्ये श्योनहोफर आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचा पाण्यातला श्वास तपासला. पोहायला गेलं की एकदम दम लागतो ही तक्रार श्वासपटलाच्या लुळेपणाची खूण असू शकते, हे छातीच्या डॉक्टरांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. दोन्ही रुग्ण कागदावर श्वासाचे स्नायू दुबळे या एका रकान्यात बसतात. एकाला पाणीच आधार देतं. दुसऱ्याला पाण्यात आधार दिल्याखेरीज उतरवूच नये. बायपॅप लावून तलावात नेण्याचा प्रश्न या दुसऱ्या गटात खरा उभा राहतो, आणि डुशेनसारख्या स्नायूविकारांत दोन्हींची सरमिसळ असल्याने तो आणखी अवघड होतो.

इथे एक गैरसमज वारंवार भेटतो: रुग्णाला पाण्यात दम लागला तर प्राणवायू लावा. नाकातल्या नळीने प्राणवायू दिला तर बोटावरच्या यंत्रातला आकडा सुधारतो, पण छातीवरचा भार तसूभरही हलत नाही. ज्याचा कार्बन डायऑक्साइड आधीच चढा आहे, त्याच्यात हा सुधारलेला आकडा फसवाही ठरू शकतो. भार हलवायला दाब लागतो. आणि दाब किती, हे पाण्याची पातळी ठरवते. तलावाच्या काठावर बसून ठरवलेला आकडा गळ्याइतक्या पाण्यात अपुरा पडेल आणि पायऱ्या चढून छाती बाहेर आली की क्षणात जास्त होईल. पाण्याचं तापमानही मोजावं लागतं. ३४–३५ अंशांच्या पाण्यात स्नायू सैल असतात, थंड पाण्यात फुप्फुसांची क्षमता आणखी घटते आणि पहिल्या दोन-तीन मिनिटांत श्वासावरचा ताबाच सुटू शकतो. जुन्या दम्याच्या, धूम्रपानाने फुप्फुसं फुगलेल्या रुग्णांचं गणित आणखी निराळं. जपानच्या कुसात्सु इथल्या गरम झऱ्यांवर त्यांना पाण्यात श्वास सोडायला शिकवलं गेलं, सिडनीत २०१३ मध्ये पाण्यातला व्यायाम इतर आजारांनीही बेजार असलेल्या अशा रुग्णांना जमिनीवरच्या व्यायामापेक्षा मानवल्याचं दिसलं. यांच्यातल्या बहुतेकांना पाण्यात यंत्र लागत नाही. पाण्याची उंची छातीच्या मध्यापर्यंत ठेवली तरी पुष्कळ काम होतं.

निरोगी माणसांत हा विषय सध्या ज्या कारणाने चर्चेत आहे, ते म्हणजे पोहताना फुप्फुसांत पाणी होणं. हे बाहेरचं, नाकातोंडात गेलेलं पाणी नव्हे. छातीत साठलेलं रक्त, ओढून घेतलेला श्वास, थंडी आणि जोराचे श्रम एकत्र आले, की केशवाहिन्यांतून द्रव झिरपून फुप्फुसात येतो. खोकला, गुलाबी फेस, श्वास अपुरा. विल्म्सहर्स्ट यांनी १९८९ मध्ये पाणबुड्या आणि पोहणाऱ्यांत त्याचं वर्णन केलं, इस्रायली नौदलाच्या उमेदवारांत हा विकार वारंवार दिसला. तिथे बरं झाल्यावरही आठवडाभर फुप्फुसांची क्षमता कमी आढळली. ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड मून यांच्या गटाने २०१६ मध्ये सिल्डेनाफिलने अशा प्रवण माणसांच्या फुप्फुसवाहिन्यांतला दाब उतरवून दाखवला. आमच्या विषयाला थेट भिडणारं काम मात्र स्वीडनचं. तिथे वान्सब्रू गावी दर जुलैत नदीतून तीन किलोमीटरची मोठी पोहण्याची शर्यत होते. काठावरच्या फिरत्या दवाखान्यात दम लागून आलेल्यांना अल्ट्रासाउंडने तपासून सीपॅप किंवा उच्छ्वासाला विरोध करणारं साधं उपकरण दिलं गेलं, आणि बहुतेकांना तिथूनच घरी सोडता आलं. पाण्याने जो दाब हिरावला होता, तोच तंबूत परत दिला गेला.

आपल्याकडे मुंबईतली सनक रॉक ते गेटवे शर्यत, मालवणच्या चिवला किनाऱ्यावरची सागरी जलतरण स्पर्धा, गोव्यातली ट्रायथलॉन यांना उतरणाऱ्यांत आता पन्नाशीपुढचे, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे हौशी पोहणारे भरपूर आहेत. काठावर रुग्णवाहिका असते. तिच्यात सीपॅप आहे का, हे आयोजकांनी विचारायला हवं. तारकर्लीला आणि मालवणला स्नॉर्कलिंग करायला येणाऱ्यांत तर पोहता न येणारेच जास्त. चेहरा पूर्ण झाकणारे मुखवटे त्यांना सोयीचे वाटतात. पण मुखवट्यात सोडलेली हवा साचून राहिली, की तीच पुन्हा आत जाते. आणि हेच मुखवटे २०२०च्या मार्चमध्ये इटलीतल्या ब्रेशाला इसिनोव्हा या छोट्या कंपनीने त्रिमितीय छपाईने बनवलेली झडप जोडून कोविडच्या रुग्णांसाठी सीपॅपचे मुखवटे म्हणून वापरात आणले. समुद्रात श्वासाला ओझं होणारी वस्तू कोरड्या वॉर्डात आधार झाली. तातडीची सोय म्हणून ते ठीक होतं. कायमचा पर्याय म्हणून त्याचं कौतुक झालं तेवढं व्हायला नको होतं, असं माझं मत आहे.

कोविडनंतर पुण्यात, नाशिकमध्ये, कोल्हापुरात बायपॅप भाड्याने मिळू लागलं आणि रात्री यंत्रावर झोपणारी, दिवसा शाळेत जाणारी मुलं दिसू लागली. त्यांचे आईवडील फिजिओथेरपिस्टला विचारतात, “मॅडम, याला तलावात नेलं तर चालेल का?” आतापर्यंत बहुतेक वेळा उत्तर नाही असं येई, कारण नाही म्हणणं सोपं असतं. मुंबईच्या कुलाब्यात आयएनएचएस अश्विनी या नौदल रुग्णालयाच्या आवारात नौदलाची वैद्यकीय संस्था आहे. पाणबुड्यांच्या श्वासाचं ज्ञान आपल्या दारात आहे. ते पुनर्वसनाच्या तलावापर्यंत मराठीतून आणण्याचा प्रयत्न हे पुस्तक करतं.

लेखकांत छातीच्या विकारांचे डॉक्टर आहेत, फिजिओथेरपिस्ट आहेत आणि पाणबुड्यांना शिकवलेली व्यक्तीही आहे. तिघांची भाषा वेगळी आहे आणि ती एकसारखी घासून काढलेली नाही, हे मला आवडलं. निदानाच्या नावावरून नव्हे, तर कोणता स्नायू चालतो आणि कोणता नाही यावरून पाण्याची पातळी आणि दाब ठरवावा, हे त्यांचं सूत्र मला पूर्ण पटतं. निरोगी स्नॉर्कल करणाऱ्यांनाही हलका धन दाब देणारी साधनं मिळावीत, हा त्यांचा उत्साह मला पटत नाही. दाबाने भरलेली फुप्फुसं घेऊन, श्वास रोखून माणूस मीटरभर जरी वर आला, तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. हौशी माणसाच्या तोंडात असं साधन देण्यापेक्षा त्याला उथळ पाण्यात पालथं, सावकाश पोहायला शिकवणं बरं. या मतभेदासह पुस्तक छापायला लेखक तयार झाले, याबद्दल त्यांचे आभार.

वाचकांना दोन व्यवहारी सूचना. पुस्तकात सगळे दाब सेंटिमीटर पाण्यात दिले आहेत आणि खोलीही सेंटिमीटरमध्येच आहे. आकृत्या पाहताना आधी तोंड कुठे आणि फुप्फुसांचा मध्य कुठे ते शोधा, मग बाकीचं वाचा. आणि तलावातल्या यंत्रांविषयीचा भाग फिजिओथेरपिस्टांनी उतरण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा वाचावा: यंत्र बॅटरीवरच चालवायचं, भिंतीतल्या विजेवर कदापि नाही, मुखवट्यातलं हवा सोडायचं छिद्र पाण्याच्या वर राहिलं पाहिजे, उलटी झाली तर मुखवटा एका हाताने काढता आला पाहिजे, आणि पाण्यात रुग्णाजवळ असलेल्या माणसाखेरीज दुसरं कोणीतरी काठावर यंत्राजवळ उभं पाहिजे, ज्याला त्याची बटणं माहीत आहेत.